वाघदेवाचं लाकूड

बारा वर्षांपूर्वी भाद्रपदात, सुरगाणा तालुक्यातल्या एका डोंगरावर मी वाट चुकलो आणि एक रात्र पावसात कुडकुडत काढली. त्या रात्रीनंतर मी दारू सोडली. ती आजवर सुटलेली आहे. या अनुभवावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला आणि नाशिकला आमच्या वसाहतीतल्या वाचनालयात तो वाचूनही दाखवला. लोकांना आवडला. दोन बायकांनी डोळे पुसले. गेल्या वर्षी एका प्रकाशकानं विचारलं, याचं पुस्तक कराल का? मी पाटबंधारे खात्यातला कारकून. ऑफिसातल्या शिस्तीनंच रोज संध्याकाळी दोन पानं लिहू लागलो आणि एका वाक्यापाशी अडकलो.

लेखात ते वाक्य असं होतं: ‘नशिबानं एक वाळलेलं लाकूड हाती लागलं आणि मी शेकोटी पेटवली.’

लाकूड होतं, वाळलेलंही होतं. पण ते हाती लागलेलं नव्हतं. कपारीखालच्या कोरड्या जागेत ते जमिनीत पुरून उभं केलेलं होतं. छातीइतकं उंच, सागाचं. त्यावर चंद्र, सूर्य, नाग आणि वाघ कोरलेले होते. अंगावर शेंदूर आणि तेलाचे थर, समोर फुटलेला नारळ. हा कोणाचा तरी देव आहे हे मला लायटरच्या उजेडात स्पष्ट दिसलं. मी तो खांब हलवून हलवून बुडाशी मोडला आणि जाळला. शेंदूर-तेलामुळे चांगला पेटला.

मी बौद्ध घरातला. वडिलांनी घरात देव ठेवले नाहीत, याचा मला अभिमान आहे. त्या रात्री मी तो अभिमान सोयीनं वापरला. मी देव मानत नाही, म्हणजे हे नुसतं लाकूड, असं स्वतःला सांगितलं. जिवावर बेतलं होतं हे खरं आहे. जीव वाचवायला जाळलं असं लिहिलं असतं तरी कोणी मला वाईट म्हटलं नसतं. तरीही मी ते लिहिलं नाही. वाचनालयात लोक निसर्गाच्या कृपेबद्दल ऐकत होते. तिथे खांबाचा उल्लेख मला नको होता.

हे सगळं मी बायकोला, सुनंदाला, सांगितलं. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. वह्या तपासता तपासता तिनं विचारलं, “पंचशील रोज म्हणता ना?”

“म्हणतो.”

“दुसरं, न दिलेलं घ्यायचं नाही. चौथं, खोटं बोलायचं नाही. पाचवं दारूचं. तुम्ही पाचव्यावर पुस्तक लिहिताय. दुसरं आणि चौथं कोण पाळणार, मी?”

तिनं पुढची वही उघडली. मी दिवाळीच्या तोंडावर तीन दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस: पाडा

वणी मागे पडली की द्राक्षबागा कमी होतात आणि डोंगर रस्त्याला चिकटतात. भात कापणीला आलं होतं. बोरगावच्या आसपास स्ट्रॉबेरीची रोपं लावणं चालू होतं. वाफ्यांवर काळं प्लॅस्टिक आणि त्याला पाडलेल्या भोकांपाशी वाकलेल्या बाया. बारा वर्षांपूर्वी यातलं काही पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. कदाचित तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलंच नसेन. बॅगेत बाटली होती आणि लक्ष तिच्याकडे होतं.

सुरगाण्याहून पुढे जीप. जीपवाल्यानं मला पुढे बसवलं आणि चौकशी सुरू केली.

“कंचं खातं?”

“पाटबंधारे. पण कामासाठी नाही आलो.”

“मंग बरं हाय. पाटबंधारेवाले कामासाठी येतबी नाहीत.” मागच्या बाया हसल्या. “मंग कशापायी?”

“वाघदेव बघायचाय. लाकडाचा. तुमच्याकडे असतो ना?”

“त्यो? मंग जिवलाकडं जा. त्योच बनवतो. गुजरातच्या हद्दीपसून लोक येतात त्याच्याकडं.”

त्यानं मला पाड्याच्या तोंडाशी उतरवलं. पाड्याचं नाव लिहू नको, असं मला तिथे सांगितलं गेलं आहे, म्हणून लिहीत नाही. पंचवीसेक घरं, कुडाच्या भिंती, काही नवी विटांची. बाजूनं एक ओहोळ आणि पाठीशी तो डोंगर. दिवसा तो अगदी लहान दिसत होता. इथे आपण मरणार असं मला कधी वाटलं होतं, यावर विश्वास बसेना.

जिवला अंगणात बसून सागाचा ओंडका वाकसानं तासत होता. वय माझ्याइतकंच, पन्नाशीच्या पुढे-मागे. मी नाव सांगितलं, वाघदेव बघायला आलोय असं म्हटलं. तो म्हणाला, “आता ऊन चढलंय, वर उद्या जाऊ. ऱ्हावा आज. परवा वाघबारस हाय, ती बघून जावा.” कोण, कुठला, हे त्यानं विचारलं नाही. नाशिकला आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी नाव, मग आडनाव आणि मग गाव विचारतात, आणि या तिन्हींत त्यांना हवं ते सापडलं की मगच पाणी येतं. इथे पाणी आधी आलं.

दुपारी त्याची बायको सखूनं नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी वाढली. खुरासणीला सूर्यफुलाच्या बियांसारखा काहीसा तेलकट वास असतो. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी घेताना मी सहज विचारलं, “हे काम वडिलांकडून शिकलात?”

“नाय. बा गुरं राखायचा. मीबी गुरं राखायचो, साऱ्या पाड्याची.” जिवलानं चटणी भाकरीवर पसरली. “मंग आमचा वाघदेव जाळला कोनीतरी. बारा वर्सं झाली.”

भाकरी माझ्या हातात तशीच राहिली.

“कोणी जाळला?” मी विचारलं. प्रश्न तोंडातून निघून गेला होता.

“मीच म्हनं,” तो म्हणाला. “डोंगरावर गुरं माझी, शेकोटी माझी. दुसरं कोण जातंय तिथं? पंचांनी गुरं काढून घेतली. म्हनले, जाळला तसा बनव आता. कधी वाकस हातात धरला नव्हता. पहिला वाघ केला त्यो मांजरासारखा झाला.”

“मांजर नाय, डुक्कर,” सखू म्हणाली.

ती दोघं हसली. मी भाकरी संपवली. काय चव होती ते आठवत नाही. त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. संध्याकाळी त्याच्या अंगणात बसून मी त्याला नाशिकच्या रहदारीबद्दल सांगितलं. गोदावरीच्या पुराबद्दल सांगितलं. ऑफिसबद्दल सांगितलं. बारा वर्षं मी एका वाक्यात लपवाछपवी केली, असं मला वाटत होतं. खरं तर त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला हा माणूस उभा होता.

दुसरा दिवस: कपार

सकाळी आम्ही दोघं वर निघालो. मी मुद्दाम तेव्हाचेच बूट घालून आलो होतो. बारा वर्षं ते माळ्यावर खोक्यात होते. पुस्तकात लिहायला बरं, असाही विचार त्यामागे होता, तो कबूल करतो. पहिल्या चढाला उजव्या बुटाचा तळ सुटला, अर्ध्या वाटेत डाव्याचा. वापराशिवाय पडलेला बूट असाच मरतो, हे मला माहीत नव्हतं. जिवला खाली बसून हसला. मग त्यानं पळसाची मुळी ओढून काढली, ठेचून तिची दोरी केली आणि दोन्ही तळ बांधून दिले.

“नाशकाचा माल,” तो म्हणाला. “आमच्या मुळीनं चालतोय.”

वाटेत त्यानं वाघबारशीबद्दल सांगितलं. त्या दिवशी पाड्यातला एक जण घोंगडी पांघरून वाघ होतो. म्हातारा देवजीबाबा त्याला विचारतो, आमच्या शिवारात येशील का? वाघानं म्हणायचं, नाय येणार. मग सगळा पाडा आरडाओरडा करत, चिखलाचे गोळे आणि कारिटाची कडू फळं मारत त्याला ओहोळापर्यंत पळवतो. ओहोळात वाघानं घोंगडी काढायची, तोंड धुवायचं. काठावरून देवजीबाबा विचारतो, कोण? वाघ आपलं नाव सांगतो आणि माणूस होऊन परत येतो. कोणी विचारेपर्यंत मात्र त्यानं पाण्यातच उभं राहायचं.

“दरवर्षी वाघ कोण होतं?”

“पहिले पाळीनं व्हायचे. आता मीच. बारा वर्सं.” तो पुढे चालत होता, तोंड दिसत नव्हतं. “देव जाळनाऱ्यालाच पळवायला बरं पडतंय.”

कपार मी लगेच ओळखली. आत नवा खांब उभा होता, चांगला घडवलेला, वाघाच्या अंगावरचे पट्टे एकेक मोजता येतील असा. त्याच्या शेजारी जमिनीतून वीतभर काळा बुंधा टोकदार वर आलेला होता. जुना खांब त्यांनी उपटला नव्हता. देव आपोआप कुजेपर्यंत काढायचा नसतो, जळला असला तरी, असं जिवलानं सांगितलं. त्या काळ्या बुंध्यालाही ताजा शेंदूर लावलेला होता.

मी म्हणालो, “जिवला, हा मी जाळला.”

तो बिडी पेटवत होता. काडी विझली.

मी सगळं सांगितलं. पाऊस, धुकं, हातापायांना आलेला बधिरपणा, लायटर. सकाळी मी डोंगराच्या पलीकडच्या अंगानं उतरलो आणि सरळ नाशिकला गेलो, तेही सांगितलं. तो म्हणाला, “वाघाचं तोंड कुन्या बाजूला व्हतं?”

“डावीकडे. आणि शेपूट तुटलेली होती. चंद्राच्या खाली नाग होता.”

“शेपूट मी तोडली व्हती,” तो म्हणाला. “पोरगा असताना. दगड मारून.” त्यानं दुसरी काडी ओढली. “पेटला कसा? वल्या दिवसांत?”

“तेलामुळे.”

त्यानं मान हलवली. एखाद्या कामगारानं दुसऱ्याकडून कामाची गोष्ट समजून घ्यावी तशी. मग तो दुसरीकडे बघून बोलायला लागला, आणि आता तो मला ‘तू’ म्हणत होता. त्यांच्या बोलीत आपल्या माणसांना सरसकट ‘तू’च असतं, पण कालपासून मला ‘तुम्ही’ होतं. मी पाहुण्याच्या जागेवरून उतरलो होतो, एवढं मला कळलं.

“पहिलं वरीस मी सांगत व्हतो, मी नाय जाळला. कोनी ऐकंना. मंग बानं विचारलं, जिवला, आता तरी खरं सांग. मी सांगितलं, बा, मी नाय. त्यो म्हनला, आजून खोटं बोलतोस. मंग मी सांगायचं सोडलं. त्यो गेला तवा बी त्याला वाटत व्हतं मीच जाळला.”

सुचलं ते अगदी निरुपयोगी होतं. मी म्हणालो, “मी पुस्तकात लिहीन. सगळं खरं लिहीन. तुमचं नाव घालून.”

“बुक कुठं वाचनार?”

“नाशिकला. पुण्याला.”

“नाशकात माझी गुरं नाय काढून घेतली,” जिवला म्हणाला.

मी त्या नव्या खांबासमोर उभा होतो. हात जोडावेत का, हा प्रश्न मनात येऊन गेला. मी जोडले नाहीत. खोट्यात आणखी एक खोटं नको वाटलं. जिवलानं ते पाहिलं.

“पाया नको पडू,” तो म्हणाला. “उद्या तोंड उघड. साऱ्यांम्होरं.”

उतरताना तो पुढे, मी मागे. ज्या मुळीनं त्यानं माझे बूट बांधले होते ती शेवटच्या उताराला तुटली. मी बूट हातात घेऊन पाड्यात शिरलो. सखूनं विचारलं, काय झालं? जिवला म्हणाला, “बूट मेले त्याचे.” त्या रात्रीही मला ताटात सारखीच भाकर वाढली गेली. सखूला त्यानं काही सांगितलेलं नव्हतं.

तिसरा दिवस: वाघबारस

याच दिवशी नाशिकमध्ये वसुबारस असते. आमच्या वसाहतीसमोरच्या सोसायटीत एक जण गाय आणि वासरू घेऊन येतो, बायका खाली उतरून पूजा करतात, फोटो काढतात आणि गाय पुढच्या सोसायटीत जाते. गाईची आठवण काढायची तर तिला खाणाऱ्याचीही काढायला हवी, हे नाशिकला कोणाच्या लक्षात येत नाही. गुरं ज्यांच्या अंगणात आहेत त्यांना वाघाशीच बोलणी करावी लागतात.

गुराख्यांनी घरोघर फिरून तांदूळ, नागली, डाळ गोळा केली. दुपारी ओहोळाजवळच्या माळावर मोठ्या पातेल्यात भात शिजायला लागला. वर कपारीत नारळ फोडून मंडळी खाली आली. देवजीबाबा दगडावर बसला. नव्वदीचा असावा, कानानं कमी, आवाज मात्र खणखणीत. त्यानं घोंगडी जिवलाकडे टाकली.

जिवलानं ती झेलली नाही. ती जमिनीवर पडली.

“या नाशकाच्या मानसाला काय बोलायचंय,” तो म्हणाला.

मी ऑफिसच्या बैठकीत अनेकदा बोललो आहे, वाचनालयात पाऊण तास बोललो आहे. इथे मला चार वाक्यं लागली. बारा वर्षांपूर्वी तुमचा वाघदेव मी जाळला. मला थंडी वाजत होती. देव आहे हे मला दिसत होतं. जिवलानं जाळला नाही.

देवजीबाबानं कानाशी हात धरला. “काय म्हनतो?”

सखू उठून उभी राहिली आणि ओरडली, “बाबा, ह्यानं जाळला! माझ्या मानसानं नाय! ह्यानं!”

ती कोणाकडे बघून ओरडत होती ते मला आधी कळलं नाही. ती म्हाताऱ्याकडे नाही, सगळ्या माळाकडे फिरून फिरून ओरडत होती. दोन-तीन पुरुष खाली बघू लागले, ते त्या वेळचे पंच असावेत. पातेल्यापाशी बसलेल्या एका म्हातारीनं पळी थांबवली आणि मला विचारलं, “बारा वर्सं लागली नाशकाहून यायला? यष्टी बंद व्हती का रे?”

कोणी तरी हसलं. मग बरेच जण हसले. मी हसलो नाही आणि जिवलाही नाही.

देवजीबाबानं काठीनं जमिनीवरची घोंगडी माझ्याकडे ढकलली.

घोंगडीला धुराचा आणि शेळ्यांचा वास होता. मी ती डोक्यावरून घेतली आणि ओणवा झालो. त्रेपन्न वर्षांचा माणूस, चष्मा खिशात, अनवाणी. वरून म्हाताऱ्याचा आवाज आला, “वाघा, आमच्या शिवारात येशील का?”

“नाय येणार,” मी म्हणालो.

“मोठ्यानं!”

“नाय येणार!”

पहिला चिखलाचा गोळा खांद्यावर बसला. मग कारीट, मग गोळ्यांचा पाऊस. मी पळालो. ढेकळं पायांना टोचत होती, चष्म्याशिवाय ओहोळ नुसता चमकताना दिसत होता. मागून सगळा पाडा ओरडत होता. जिवलाला बारा वर्षं हे असं पळावं लागलं, हे पळताना मनात आलं. मग धाप लागली आणि काहीच मनात येईना. मी पाण्यात शिरलो, घोंगडी काठावर टाकली, तोंड धुतलं आणि वळलो.

काठावर देवजीबाबा नव्हता. त्यानं विचारायचं काम जिवलाला दिलं होतं. जिवला दगडावर येऊन बसला. खिशातून बिडी काढली, पेटवली आणि ओढायला लागला. माझ्याकडे बघत होता, पण विचारत नव्हता. लोक सुरुवातीला हसत होते. मग हसणं थांबलं. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि गार होतं. त्याला घाई नव्हती. मी हलण्याचा विचारही केला नाही. त्याची बिडी शेवटाला आली, बोटं भाजायला लागेपर्यंत त्यानं ती ओढली आणि दगडावर विझवली.

“कोण?” त्यानं विचारलं.

“मिलिंद.”

“कुठला?”

“नाशिकचा.”

“ये,” तो म्हणाला. “भात निवला.”

पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर भात आणि डाळ वाढली. मी त्या पंक्तीत जिवलाशेजारी बसलो. पुढच्या वर्षी वाघ पाळीनं करायचा, असं पलीकडे ठरत होतं. पहिली पाळी कोणाची यावर जुन्या पंचांची दोन घरं भांडत होती. माफ केलं, असं मला कोणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही.

जेवण झाल्यावर जिवला म्हणाला, “बुक लिहिशील ना?”

“तुम्ही म्हणत असाल तर.”

“पाड्यातल्यांनी ऐकलं. एक राहिला.” त्यानं हात धुतले, पंच्याला पुसले. “बाचं नाव रावजी. लिहिता येतं ना तुला? तर मंग लिही.”

सखूनं मला तिच्या मुलाच्या जुन्या चपला दिल्या. त्या घालून मी नाशिकला आलो. बूट तिथेच राहिले. वाळलेल्या लाकडाचं ते वाक्य मी खोडलं आहे आणि त्या जागी काय घडलं ते लिहिलं आहे, त्याला सात पानं लागली. अर्पणपत्रिका मात्र आधी लिहून झाली. ती सुनंदानं वाचली, काही खुणा न करता परत दिली. ती अशी आहे:

रावजीबाबा, वाघदेव मी जाळला. जिवला खरं बोलत होता.